एक दाखला, तीन झेरॉक्स

तिघांनीही एकाच व्याजावर करात सूट घेतली आहे, हे मला कळलं तेव्हा तिघंही आमच्या ऑफिसातल्या एकाच बाकावर बसले होते. मधे पल्लवी, डावीकडे तिचा नवरा प्रशांत, उजवीकडे तिचे वडील, बार्शीचे अण्णा. प्रत्येकाच्या हातात एक कागद. तिन्ही कागद एकाच दाखल्याच्या झेरॉक्स. खालच्या कोपऱ्यातला बँकेचा शिक्का तिन्हींवर सारखाच अर्धा उठलेला.

मी पाणी द्यायला गेलो होतो. बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "अवो, ह्यो एकच दाखला तिघांनी लावलाय व्हय?"

तिघांनी एकमेकांच्या हातातला कागद बघितला. मग एकमेकांची तोंडं बघितली. मग तिघंही माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही झेरॉक्स मीच काढल्या होत्या.

आधी माझं सांगतो. मी सोलापुरात एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात शिपाई आहे. शिक्षण सातवी. गिरणी बंद पडली तेव्हा साहेबांनी ठेवून घेतलं. साहेब गेले, आता त्यांची मुलगी बघते. तिला मी फ्रॉकमध्ये बघितलंय, पण ऑफिसात मॅडमच म्हणतो. येणारे मला सिद्राममामा म्हणतात. रिटर्न मला भरता येत नाही, पण कागद ओळखता येतो. नसलेल्या घराची भाडेपावती, न दिलेली देणगी, एकाच अक्षरातली तीन डॉक्टरांची बिलं, हे मला हातात घेतल्याबरोबर कळतं.

आणि तरीही हा दाखला मला कळला नव्हता. दोन वर्षं. पल्लवी आणि प्रशांत, दोघांचीही रिटर्नं आमच्याकडेच. दोघांचे कागद मीच घेतले, मीच फायलीत लावले.

साहेबांच्या काळात असं झालं नसतं. तेव्हा एका घराचं एक दप्तर असायचं, लाल फडक्यात बांधलेलं. सोडलं की बापाचं, लेकाचं, सुनेचं, सगळ्यांचं एकदम उघडं पडायचं. मॅडमनी आल्यावर फायली पॅन कार्डावरच्या नावानं लावल्या. पल्लवीचं पॅन लग्नाआधीचं, माहेरच्या आडनावावर. म्हणून ती खिडकीजवळच्या कपाटात आणि तिचा नवरा बाथरूमशेजारच्या कपाटात. एकाच घरातली माणसं, मधे वीस फूट. मी जूनमध्ये प्रशांतकडून दाखला घेतला, जुलैत पल्लवीकडून घेतला. वीस फुटांत विसरलो.

बरं, हा दाखला म्हणजे काय? पल्लवीनं एम.फार्म. करताना शिक्षणाचं कर्ज काढलेलं. अकरा हजार दोनशेचा हप्ता. हप्त्यात थोडं मुद्दल असतं, थोडं व्याज. वर्षाचं व्याज किती भरलं त्याचा बँक दाखला देते. ते व्याज उत्पन्नातून वजा होतं, तेवढा कर कमी बसतो. कलम ऐंशी-ई. फक्त व्याज हं, मुद्दल नाही. आणि तेही जुन्या पद्धतीनं रिटर्न भरलं तरच.

जुनी पद्धत आणि नवी पद्धत, हे लोकांना समजावताना माझा घसा जातो. मी असं सांगतो: नवी पद्धत म्हणजे एकच भाव असलेलं दुकान. भाव कमी, पण घासाघीस नाही. जुनी पद्धत म्हणजे भाव चढा, पण तुम्ही एकेक कागद दाखवत जा, दुकानदार कमी करत जाईल. ह्या तिघांनी जुनं दुकान धरलं होतं आणि एकच कागद तीन दारांनी दाखवला होता. कर खात्याच्या कॉम्प्युटरनं तिघांनाही मेसेज पाठवले: तुम्ही घेतलेली सूट तपासा, चुकली असेल तर रिटर्न दुरुस्त करा. म्हणून ते आले होते. अण्णांचं रिटर्न बार्शीचा माणूस भरतो, पण लेक-जावई चाललेत म्हटल्यावर तेही गाडी काढून आले.

मॅडमनी तिघांना आत बोलावलं. मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला कुणी अडवतही नाही.

"पहिला प्रश्न," मॅडम म्हणाल्या, "हप्ता कोण भरतं?"

"मी," प्रशांत म्हणाला.

"मी," अण्णा म्हणाले.

पल्लवीनं फक्त वडिलांकडे मान वळवली.

प्रशांत हसला. "अण्णा, हप्ता माझ्या खात्यातून जातो की. लग्न झाल्यावर मी स्वतः बँकेत जाऊन बदलून घेतलं. दर पाच तारखेला जातो."

"जात आसंल," अण्णा म्हणाले. अण्णांची बार्शीला आडत आहे, धान्याची. आवाज पोत्यांवरून पलीकडे जायची सवय असलेला. "पण मी लग्न ठरताना शब्द दिला होता. पोरीचं कर्ज पोरीच्या सासरी जाणार न्हाय. दर म्हैन्याला हप्त्याइतकी रोकड मी पोचवतो. चोवीस म्हैने झाले. एक म्हैना चुकला न्हाय."

"कुणाकडं पोचवता?" पल्लवीनं विचारलं.

"विहीणबाईंकडं."

"आईकडं?" प्रशांत खुर्चीतून निम्मा उठला.

"त्यांनीच म्हनलं, माझ्याकडं द्या. मी म्हनलं, जावईबापूंना कळू देऊ नका, त्यांना कमीपणा वाटंल. बाईमाणूस लई समजूतदार."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता पुढचा प्रश्न कायद्याचा असेल. पण त्याआधी पल्लवीच बोलली. ती चिंचोळी एमआयडीसीत एका औषध कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. आवाज न चढवता बोलते.

"मॅडम, कर किती भरायचा ते नंतर सांगा. मला आधी हे कळलं पाहिजे की माझं कर्ज फेडतंय कोण. कंपनी मला तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला हैदराबादला पाठवतेय. परत आले की असिस्टंट मॅनेजर. हो-नाही शुक्रवारपर्यंत कळवायचंय. हे म्हणतात, जायचं नाही. का, तर म्हणे तुझं कर्ज मी फेडतोय, ते फिटू दे, मग फीर कुठं फिरायचं ते. दोन वर्षं झाली, मी काही बोलायला गेले की हेच. साडी घेतली की कर्ज. माहेरी राहिले की कर्ज. आणि आता अण्णा म्हणतात ते फेडतायत. कुणाचं तरी एकाचं खरं निघू दे. ह्यांचं निघालं तर मी गप्प बसेन. नाही निघालं तर शुक्रवारी 'हो' कळवते. आणि त्याला अडवलं तर आजच अण्णांच्या गाडीत बसते."

"बस की!" अण्णा लगेच म्हणाले. "गाडी खालीच हाय."

"अण्णा, तुम्ही थांबा," पल्लवी म्हणाली. "तुम्ही मला न विचारता रोकड पोचवली. तुमचंही बघायचंय अजून."

अण्णा थांबले.

हे सगळं ऐकताना मॅडम मला म्हणाल्या, "मामा, दार लोटून घ्या." बाहेर जुलैची गर्दी होती. जुलै म्हणजे आमची सुगी. बाहेरचे दहा-बाराजण फॉर्म घेऊन बसलेले, आणि सगळ्यांचे कान दाराला. मी दार लोटलं. आतल्या बाजूनं.

प्रशांतनं आईला फोन लावला. "आई, रिक्षा कर आणि ये. आत्ता. नाही, कुणी आजारी नाही. अण्णा आलेत. हो, बार्शीचे. पैशाचं विचारतायत."

पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. पण पाऊण तासात बाई हजर. साठीच्या, ठसठशीत कुंकू, हातात मोठी कापडी पिशवी. पिशवी टेबलावर ठेवली आणि सगळ्या खोलीत लसूण आणि भाजलेल्या शेंगांचा वास पसरला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "रिकाम्या हातानं कसं यायचं."

पिशवीत शेंगाचटणीची पाकिटं होती. लाल अक्षरांत नाव छापलेली. सोलापुरात शेंगाचटणीचं कुणाला काय नवल, पण पाकीट मला ओळखीचं वाटलं. अण्णांना जास्त ओळखीचं वाटलं.

"विहीणबाई," अण्णा म्हणाले, "ही तर तुमची चटणी. माझ्या दुकानात ठेवलीय मी."

"ठेवलीय की. लई खपती म्हणालात."

"खपती. त्याचं सोडा. मी म्हैन्याला जे पाकीट द्यायचो, हप्त्याचं, ते कुटं हाय?"

बाईंनी चटणीच्या पाकिटाकडे बोट दाखवलं. "हे काय."

कुणाला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. शेंगा कुटायचं मशीन. भाजायचा ड्रम. पाकीट बंद करायचं मशीन. पहिल्या वर्षात घेतलं सगळं. दुसऱ्या वर्षाचे पैसे शेंगांत, मिरचीत आणि दोन बाया कामाला लावल्या त्यांच्या पगारात.

"आई!" प्रशांत ओरडला. "तू मला म्हणाली होतीस भिशी लागली!"

"लागली की. अण्णांची लागली."

मॅडमनी तोंडासमोर फाइल धरली. मी भिंतीकडे बघितलं.

"अवो पण मी ते पोरीच्या कर्जाला दिले होते," अण्णा म्हणाले. आवाज पहिल्यांदा खाली आला होता.

"व्हय, पर हप्ता तर प्रशांतच्या खात्यातनं जातच हुता. मला म्हाईत हाय, मोबाईल वाजतो त्याचा. मग एका हप्त्याला दोनदा पैसं कशाला? बँक काय देवाची पेटी हाय, पडंल तेवढं घ्यायला? परत दिलं असतं तर तुमी घेतलं असतं का?"

"न्हाय."

"प्रशांतला दिलं असतं तर तुमचा शब्द मोडला असता. पल्लवीला दिलं असतं तर तिनं तुम्हाला परत केलं असतं. मग ठिवायचं कुटं? नुसतं पडून ठिवलं तर उंदरं खातील. कामाला लावलं."

मग हळूहळू अण्णांना सगळा हिशोब लागत गेला असावा. "म्हंजे माझ्या पैशानं मशीन घेतलं, त्या मशीनची चटणी मी माझ्याच दुकानात ठेवली, आणि कमिशन पण घेतलं न्हाय, का तर विहिणीचा माल."

"त्येच तर. लई उपकार तुमचे," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी ते मनापासून म्हटलं.

मॅडमनी अण्णांचा निकाल तिथंच लावला. "अण्णा, कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून तुमची सही आहे. बँकेला व्याज तुम्ही स्वतः भरलं असतं तर सूट तुम्हाला घेता आली असती. पण तुम्ही बँकेला एक रुपया भरलेला नाही. विहिणीला दिलेले पैसे म्हणजे व्याज नव्हे. तुमची सूट गेली."

"गेली तर गेली," अण्णा म्हणाले. "शब्द तर पाळला ना मी?"

"त्याचं कलम नाही," मॅडम म्हणाल्या.

आता प्रशांतची मान ताठ झाली. "मग झालं की. अण्णांचे पैसे चटणीत गेले. हप्ता माझ्या खात्यातून गेला. म्हणजे फेडलं मीच. मी पहिल्यापासून हेच सांगतोय."

पल्लवीनं खाली बघितलं. तिची बोटं पदराच्या काठाशी चाळा करत होती. शुक्रवारचं उत्तर ठरत चाललं होतं.

"तुमची सूट तरीही गेली," मॅडम त्याला म्हणाल्या.

"का? मी भरतोय की!"

"कर्ज तुम्ही काढलेलं नाही. बायकोच्या शिक्षणासाठी तुम्ही कर्ज काढलं असतं, तुमचं नाव कागदावर असतं, तर चाललं असतं. हे तिनं लग्नाआधी काढलं. तुम्ही नुसते भरणारे. कायदा दोन्ही गोष्टी मागतो, नाव पण आणि भरणा पण."

मॅडमची मावसबहीण अमेरिकेत असते. तिकडं म्हणे नवरा-बायकोला एकत्र रिटर्न भरायचं की वेगवेगळं, हे दरवर्षी निवडता येतं. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता काही योजनांत मिळकतीवर ठरतो. एकत्र भरलं की दोघांची मिळकत धरतात आणि हप्ता फुगतो. वेगळं भरलं की हप्ता उतरतो, पण करातल्या दुसऱ्या सवलती जातात. मग नवरा-बायको दरवर्षी हिशोब करत बसतात, यंदा एकत्र की वेगळे. मॅडमनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, लग्न करतानाच विचारून घ्यायला पाहिजे. आपल्याकडं एकत्र भरायची सोयच नाही. लग्न झालं तरी पॅन आपापलं, रिटर्न आपापलं. त्यामुळं संसार एकत्र आणि कागद वेगळे, आणि मधल्या फटीत असली भांडणं.

"सूट जाऊ दे," प्रशांत म्हणाला. "कर भरतो. दंड भरतो. पण फेडलं कुणी, ते तर ठरलं ना?"

त्याला तेवढंच पाहिजे होतं. करातल्या सवलतीपेक्षा त्याला घरी जाऊन बोलायचं वाक्य पाहिजे होतं.

मॅडमनी त्याच्याकडून मोबाईलवर त्याच्या खात्याचं दोन वर्षांचं स्टेटमेंट मागवलं आणि प्रिंट करून माझ्यापुढे टाकलं. "मामा, हप्ते टिक करा. व्याजाच्या दाखल्याशी जुळवायचेत." हे माझं नेहमीचं काम. फूटपट्टी लावायची, लाल पेन्सिलीनं एकेक ओळ धरून खाली यायचं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो. पाच तारीख, अकरा हजार दोनशे, गेले. टिक. पुढचा महिना. टिक.

चौथ्या महिन्याला माझी पट्टी थांबली. हप्त्याच्या वरच्याच ओळीला, एक तारखेला, अकरा हजार दोनशे आलेले. मी मागं गेलो. आदल्या महिन्यातही एक तारखेला अकरा हजार दोनशे आलेले. त्याच्या आदल्या महिन्यातही. पैसे पाठवणारीचं नाव पल्लवी. त्याशिवाय महिन्याच्या मधे तिच्याकडून आणखी एक रक्कम, मोठी, घरखर्चाची असणार. पण ही अकरा हजार दोनशेची ओळ वेगळीच, आणि तिच्यापुढं शेऱ्याच्या जागी इंग्रजीत चार अक्षरं. मला इंग्रजी फायलींवरची नावं वाचण्यापुरतंच येतं, पण कर्जाचे कागद आयुष्यभर हाताळलेत. 'लोन' हा शब्द मला लांबून कळतो.

चोवीस महिने मोजले. चोवीस वेळा एक तारखेला आलेले, चोवीस वेळा पाच तारखेला गेलेले. मी सगळ्यांपुढं कागद ठेवला.

"प्रशांत," मी म्हणालो, "हप्ता तुझ्या खात्यातनं जातो, खरं हाय. पर तुझ्या खात्यात चार दिस नुसता मुक्कामाला येतो. येतो हिच्याकडनं."

त्यानं कागद ओढून घेतला. बराच वेळ बघितला. "पण ती पगारातून घरात पैसे देतेच की. ते घरात आले की घरचे."

"घरचे वेगळे पाठवते," पल्लवी म्हणाली. "पंधरा तारखेला. हे वेगळे. दर वेळी 'लोन' लिहून पाठवते. आमच्या डिपार्टमेंटला लेबल लावल्याशिवाय बाटली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही. सवय लागलीय."

"मला कधी बोलली नाहीस."

"लिहून पाठवत होते ना. चोवीस वेळा. मला वाटायचं तुम्ही वाचताय आणि तरी बोलताय. मला त्याचाच राग यायचा." मग तिनं त्याच्याकडे बघितलं. "वाचतच नव्हता?"

प्रशांत कसा वाचणार. मोबाईलवर पैसे आल्याचा आवाज होतो तेवढा आपण ऐकतो. गेल्याचा मेसेज मात्र माणूस तीन वेळा वाचतो.

तो काहीतरी बोलायच्या तयारीत होता. मी त्याला बोलू दिलं नाही. माझं तोंड फाटकं आहे, हे सगळ्यांना माहीत आहे.

मी म्हणालो, "ऐक. आमची मंडळी जाऊन चौदा महिने झाले. बिड्या वळायची. मी शेजारपाजाऱ्यांना, पाव्हण्यांना, पोरीच्या सासरच्यांना, सगळ्यांना आजवर सांगत आलो की घर मी बांधलं. तिच्यासमोर सांगायचो. ती चहा आणून द्यायची. ती गेल्यावर ट्रंकेत तिचं फंडाचं पासबुक सापडलं. स्लॅब पडला त्या महिन्यात तिनं सगळा फंड काढलेला. मला म्हणाली होती, भावानं दिले. का, तर मला कमीपणा वाटू नये. म्हंजे स्लॅब तिचा आणि सूट मी घेतली. तीस वर्षं. तुला कर खात्यानं मेसेज पाठवला, दुरुस्त करायला मुदत दिली. मला कुणी पाठवला न्हाय. तुझी बायको हितं, ह्या खुर्चीत बसलीय. बोल काय बोलायचं ते."

मला वाटलं जरा जास्त झालं. ऑफिसात घरचं बोलू नये. पण निघून गेलं.

प्रशांतनं घसा साफ केला. बायकोकडे न बघता, टेबलावरच्या स्टेटमेंटकडे बघत म्हणाला, "हैदराबादला राहायची सोय कंपनी करते का?"

"करते," पल्लवी म्हणाली.

"मग कळव शुक्रवारी."

"शुक्रवार कशाला?" तिनं पर्समधून मोबाईल काढला आणि तिथंच, सगळ्यांच्या देखत, मेल पाठवला. आपली माणसं बदलली तरी दोन दिवसांत परत फिरतात, हे तिला ठाऊक असावं.

"जाऊ दे की तिला," सासूबाई म्हणाल्या. खरं म्हणजे तोवर ती गेल्यातच जमा होती. "आणि पल्लवी, तितं आपली सोलापूरची लई माणसं हायत. पन्नास पाकिटं घिऊन जा. गिऱ्हाईक बघ."

"आई, मी ट्रेनिंगला चाललेय."

"मग तीस ने."

आता कामाचं सांगतो. पल्लवीची सूट मॅडमनी तशीच ठेवली. कर्ज तिचं, पगार तिचा, एक तारखेला पाठवलेले आणि पाच तारखेला गेलेले सारखे. खात्यानं विचारलंच तर माझ्या लाल टिकांचा कागद दाखवायचा. प्रशांत आणि अण्णा, दोघांनी दोन-दोन वर्षांची सूट मागं घेतली. त्याला 'अपडेटेड रिटर्न' म्हणतात. म्हणजे आपली चूक आपण होऊन कबूल करायची, राहिलेला कर व्याजासकट भरायचा, आणि कबूल केल्याबद्दल वर आणखी थोडा कर द्यायचा. खोटी सूट पकडली जाण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, पण फुकट नाही. प्रशांतनं पैसे भरताना तोंड कडू केलं. अण्णांचं बार्शीच्या माणसानं भरलं. अण्णांनी त्याची फी द्यायला म्हणे आठ दिवस लावले.

हप्त्याचं खातं बदललं. आता तो सरळ पल्लवीच्या खात्यातून जातो, मधे मुक्काम नाही.

अण्णांच्या पैशाचं काय, हे राहिलंच होतं. अण्णा म्हणाले, मशीनमध्ये माझा हिस्सा. बाई म्हणाल्या, पैसे पोरीसाठी दिले होते ना, मग हिस्सा पोरीचा. यावर दोघं अर्धा तास भांडले, पण ते भांडण मला आवडलं. दोघांनाही ते जिंकायचं नव्हतं. शेवटी पल्लवीचं नाव लागलं. मॅडमनी विचारलं, "मावशी, चटणीचा हिशोब कुठं लिहिता?"

"कॅलेंडरवर."

"मागच्या वर्षीचं कॅलेंडर आहे?"

"त्याची पानं पाकिटाखाली घातली."

मॅडमनी नवीन फाइल काढायला सांगितली. म्हणजे एका सवलतीचा घोळ निस्तरायला आलेलं घर जाताना आमच्याकडं एक जादा रिटर्न ठेवून गेलं. ऑफिसच्या दृष्टीनं दिवस वाया गेला नाही.

मी मॅडमना म्हणालो, फायली परत घराप्रमाणे लावू. मॅडम म्हणाल्या, कॉम्प्युटरवर एका बटणानं सगळं घर दिसेल अशी सोय करते. केलीही. पण मी माझ्यापुरतं त्या घराच्या तीन फायलींना एकच लाल फीत बांधली आहे आणि मॅडमनी ती अजून सोडलेली नाही.

पल्लवी हैदराबादहून परत आली. असिस्टंट मॅनेजर झाली. यंदा जूनमध्ये प्रशांत एकटाच आला, हातात व्याजाचा नवीन दाखला. या वेळी झेरॉक्स नाही, मूळ कागद, प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेला. माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "मामा, हा पल्लवीच्या फायलीला लावा. फक्त तिच्याच."

मी तो मॅडमकडे नेला. मॅडमनी तिचा पगार बघितला, दोन्ही पद्धतींनी कर काढून बघितला आणि कागद परत दिला. नव्या पद्धतीत तिला यंदा कर शून्य. वजा करायला काही उरलंच नाही. म्हणजे ज्या कागदासाठी तीन माणसांनी तीन झेरॉक्स काढल्या, तो आता एकाच्याही कामाचा नाही.

"मग ह्याचं काय करू?" प्रशांतनं विचारलं.

"घरी ठेव," मी म्हणालो. "कर्ज कुणाचं ते बँकेच्या कागदावर असतं. हप्ता कुणाचा ते स्टेटमेंटवर असतं. घरात पुन्हा कधी 'मी फेडलं' म्हणायची हुक्की आली, तर आधी दोन्ही कागद काढायचे आणि मग तोंड उघडायचं."

त्यानं दाखला कव्हरात नीट घातला. मग विचारलं, "बिल किती झालं मामा?"

"मॅडमना विचार," मी म्हणालो. "आणि कुणाच्या खात्यातनं देतोस ते लिहून दे."